‘बाई, मागच्या चिठ्ठ्यांचं काय झालं?’ : पहिली ते पाचवीच्या मुलांना शाळेच्या निर्णयांत घेताना

काही वर्षांपूर्वी ठाण्यातल्या आमच्या शाळेत मोठ्या हौसेने ‘माझी शाळा, माझं मत’ असा आठवडा झाला. मुलांनी चिठ्ठ्या लिहिल्या, पहिलीतल्यांनी चित्रं काढली, खोक्याला झिलेटीनचा कागद लागला आणि फोटो व्हॉट्सॲपवर गेले. पुढच्या जुलैत तेच खोकं घेऊन मी वर्गात गेले तेव्हा चौथीतल्या एका मुलीने विचारलं, “बाई, मागच्या चिठ्ठ्यांचं काय झालं?”

चिठ्ठ्या कपाटावर होत्या, स्नेहसंमेलनातल्या मुकुटांखाली. त्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही तिघी बसलो आणि पहिल्यांदा त्या वाचल्या. तीसेक चिठ्ठ्यांत एकच गोष्ट होती: मुलींच्या संडासाची कडी उंचावर आहे, हात पोचत नाही, म्हणून मैत्रिणीला दार धरून उभं राहायला सांगावं लागतं. शंभर रुपयांच्या आतलं काम, आणि ते वर्षभर मुकुटांखाली पडून होतं.

पुढे लिहिलेलं सगळं त्या कडीनंतर हळूहळू बसवत आणलेलं आहे. डोळ्यांपुढे ठाणे-नवी मुंबईतल्या शाळा आहेत. एकाच इमारतीत सकाळी एक शाळा भरते, दुपारी दुसरी. एकाच वर्गात घरी आगरी, भोजपुरी, कन्नड नाहीतर गोरमाटी बोलणारी मुलं असतात, आणि बाईंच्या मागे ऑनलाइन माहिती भरण्याचा धोशा असतो. त्यामुळे आठवड्याला अर्ध्या तासात न बसणारी कोणतीही गोष्ट मी इथे घेतलेली नाही.

आधी मोठ्यांनी बसायचं

मुलांना काही विचारण्याआधी शिक्षकांची तासाभराची बैठक घ्या आणि फळ्यावर तीन रकाने आखा. पहिल्यात मुलांनीच ठरवायच्या गोष्टी लिहा: मैदानाच्या पाळ्या, वर्गात बसायची रचना, वर्गातली कामं, वाचनकोपऱ्यातली पुस्तकं. दुसऱ्यात मुलांना विचारून मोठ्यांनी ठरवायच्या: सहल, स्नेहसंमेलन, भिंतींवरची चित्रं, गृहपाठ, जेवण वाढण्याची पद्धत, पाणी आणि संडास. तिसऱ्यात मुलांवर ज्यांचा भार टाकायचाच नाही अशा: सुरक्षेचे नियम, औषधपाणी, शिक्षकांच्या नेमणुका आणि कोणाला काय शिक्षा करायची ते.

शिक्षेबद्दल विशेष सांगते, कारण ‘मुलांनाच ठरवू दे’ म्हणणारे उत्साही शिक्षक इथेच फसतात. मुलं आपल्यापेक्षा कठोर निघतात. डबा सांडणाऱ्याला महिनाभर उभं करा, असं दुसरीच्या वर्गाने एकमताने सुचवलं होतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी आहे, आणि ती बंदी वर्गाच्या बहुमतालाही लागू होते.

काही गोष्टी मुख्याध्यापकांच्याही हातात नसतात. शाळेची वेळच घ्या. मुलांची झोप होत नाही म्हणून पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं. एक इमारत, दोन अधिवेशनं आणि स्कूलबसच्या फेऱ्या असतील तिथे हे जुळवणं किती कठीण, ते इथल्या शाळांना विचारा. असा विषय मुलांनी काढला तर ‘हे आपल्या हातात नाही, पण ज्यांच्या हातात आहे त्यांना कळवू’ असं स्पष्ट सांगायचं.

पहिल्या रकान्यात थोडे पैसेही असू द्या. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतून प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकतं. त्यातला हजार रुपयांचा निर्णय मुलांकडे दिला तर बिघडत नाही. आम्ही दिला. आमच्या यादीत थोरांची चरित्रं होती, मुलांच्या यादीत भुताच्या गोष्टी आणि सापांचं एक रंगीत पुस्तक. सापांच्या पुस्तकाचं बाइंडिंग वर्षात तीनदा चिकटवावं लागलं.

बैठकीत कोणीतरी हमखास म्हणतं, “हे सगळं परदेशी खूळ आहे.” हक्काची भाषा १९८९ च्या संयुक्त राष्ट्र बालहक्क संहितेतली आहे हे खरं. तिचं कलम १२ सांगतं की मुलाशी संबंधित बाबींत मुलाचं म्हणणं ऐकावं आणि वय व समज पाहून त्याला वजन द्यावं. भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली. पण मुलांकडे बघून शाळा बदलण्याचं काम आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात त्याच्या कितीतरी आधी झालं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, अशी त्यांची कुरणशाळा. (२०१४ पासून तो भाग पालघर जिल्ह्यात आहे.)

फेरी : विचारण्याआधी बघणं

‘तुम्हाला शाळेत काय हवं?’ असा प्रश्न सात वर्षांच्या मुलाला विचारलात तर ‘पिझ्झा’ आणि ‘झोका’ हीच उत्तरं येतील. प्रश्न मोघम असला की उत्तरही मोघम येतं. म्हणून आधी शाळेची फेरी काढा.

पाच-सहा मुलांचा गट, बरोबर एक शिक्षक. प्रत्येकाच्या हातात लाल आणि हिरव्या गोल स्टिकरच्या दोन पट्ट्या. आम्ही आधी टिकल्यांची पाकिटं आणली होती, पण काही मुलांच्या घरी टिकली चालत नाही हे लक्षात आल्यावर स्टेशनरीच्या दुकानातले स्टिकर घेतले. जिथे आवडतं तिथे हिरवा, जिथे भीती वाटते, त्रास होतो किंवा जावंसं वाटत नाही तिथे लाल. लिहायची गरज नाही, त्यामुळे पहिलीतली मुलंही बरोबरीने भाग घेतात. शिक्षकाने मागून चालायचं. पुढे चाललात तर मुलं तुम्ही थांबाल तिथे थांबतील.

जिन्याच्या वळणावर लाल ठिपक्यांची रांग लागलेली पाहून आम्ही चक्रावलो. तिथला दिवा बंद होता आणि पावसाळ्यात पायरीवर पाणी साचायचं. आम्ही रोज तिथून जात होतो, पण आमचे पाय मोठे आणि हात कठड्याला पोचणारे. आणखी एक लाल ठिपका होता कार्यालयाच्या दारावर. तो कोणी लावला ते शोधायचं नाही, एवढा एकच नियम करा.

एक फेरी जूनअखेर, पाऊस लागल्यावर. दुसरी उन्हाळ्याच्या तोंडावर, कारण मार्चमध्ये पत्र्याखालचा वर्ग ही वेगळीच शाळा असते.

वर्गाची सभा

आठवड्यातून एकदा, पंचवीस मिनिटं. शनिवार बरा पडतो. २०२४ पासून पहिली ते आठवीला ‘आनंददायी शनिवार’ आहेच, त्यात ही सभा सहज बसते.

जमिनीवर गोल करून बसायचं, बाईंनीही. मधे एक करवंटी ठेवायची. करवंटी ज्याच्या हातात, तो बोलणार, बाकीचे ऐकणार. बोलायचं नसेल तर ती पुढे द्यायची. न बोलण्याची मुभा पहिल्या दिवसापासून हवी, नाहीतर लाजऱ्या मुलांना शनिवार नकोसा होतो. गोलात बोलण्याआधी दोन मिनिटं शेजाऱ्याशी कुजबुजायला द्या. जे मूल तीस जणांत बोलत नाही ते एकाशी बोलतं, आणि मग तो एक जण हात वर करून सांगतो, “बाई, ही म्हणतेय की…”

भाषेचं पथ्य पाळा. सभेत शुद्ध मराठीचा आग्रह नको. ज्या मुलाला घरच्या भाषेत सांगायचंय त्याला सांगू दे, त्याचा मित्र मराठीत करून सांगेल. मुलं एकमेकांची भाषा आपल्याला वाटतं त्यापेक्षा कितीतरी जास्त जाणतात.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, ती म्हणजे बाईंचं तोंड. आपण सवयीने विचारतो, “कालचा कार्यक्रम छान झाला ना?” आणि वर्ग एका सुरात म्हणतो, “होऽऽ बाई!” या ‘होऽऽ बाई’ला मत समजू नका. ‘ना’ने संपणारे प्रश्न सभेपुरते बंद करा. ‘कालच्या कार्यक्रमात कंटाळा कधी आला?’ असं विचारून बघा. आणि उत्तर ऐकताना भुवया जागेवर ठेवा, कारण मुलं उत्तर द्यायच्या आधी आपला चेहरा वाचतात.

मत द्यायला चिंचोके, आणि बहुमताचा घोळ

हात वर करून मतदान घेतलं की मुलं आधी वर्गातल्या दादाकडे बघतात. त्याऐवजी चिंचोके वापरा. जेवढे पर्याय तेवढ्या वाट्या, प्रत्येक वाटीवर चित्र, आणि वाट्या कपाटाच्या आड. प्रत्येकाला तीन चिंचोके. एकाच वाटीत तिन्ही टाका किंवा वाटून टाका. त्यामुळे ‘हे खूप हवंय’ आणि ‘हेही चालेल’ यातला फरक दिसतो. मोजणी सगळ्यांसमोर, मोठ्याने. दुसरीच्या वर्गात ती बेरजेच्या तासालाही धरता येते.

पण मतदान कशावर घ्यायचं नाही हे आम्हाला ठेच लागून कळलं. मधल्या सुट्टीत मैदान कोणाला, यावर तिसरीच्या वर्गात मत घेतलं. क्रिकेट जिंकलं. पुढच्या महिन्यात पुन्हा घेतलं, पुन्हा क्रिकेट. वर्गात मुलगे जास्त होते, त्यामुळे शंभर वेळा मत घेतलं असतं तरी क्रिकेटच जिंकलं असतं. लंगडी आणि लगोरी खेळणाऱ्या मुली आणि दोन-तीन मुलगे मुकाट्याने भिंतीकडेला बसू लागले. सगळं कसं रीतसर झालं होतं!

शेवटी मत न घेता मैदानाचा नकाशा खडूने जमिनीवर काढला आणि मुलांनाच विचारलं, की कोणीच भिंतीकडेला बसणार नाही असं कसं करायचं? चाळीस मिनिटं भांडण झालं. मग एका मुलाने तोडगा काढला: सोमवार आणि गुरुवारी बॅट-बॉल कपाटात, बाकीच्या दिवशी अर्धं मैदान क्रिकेटला. एकाने काकुळतीने विचारलं, “गुरुवारी सुट्टी आली तर?” त्याचाही नियम झाला.

तेव्हापासून एक खूणगाठ बांधली आहे. सगळ्यांना एकच निकाल स्वीकारावा लागणार असेल, जसं की सहल कुठे न्यायची, तिथे चिंचोके. जागा, वेळ किंवा वस्तू वाटून घेता येत असेल तिथे पाळ्या. आणि ज्या गोष्टीचा त्रास मोजक्याच मुलांना होतो, जसं की चाकाची खुर्ची वापरणाऱ्या मुलाचा वर्ग कोणत्या मजल्यावर असावा, तिथे मत घ्यायचंच नाही. त्याला आणि त्याच्या आईवडिलांना विचारायचं.

प्रतिनिधी : निवडणूक की चिठ्ठी?

बऱ्याच शाळांत ‘बाल मंत्रिमंडळ’ असतं. मोबाइलवरच्या मतदान यंत्रावर मतदान होतं, मुख्यमंत्र्याचा शपथविधी होतो, बिल्ला लागतो. निवडणूक कशी होते हे समजायला ते उत्तम आहे. अडचण पुढे येते. निवडून येतं ते चुणचुणीत, सुवाच्य अक्षराचं, बाईंचं लाडकं मूल, आणि वर्षभर त्याचं काम पाहुण्यांना गुलाब देणं. रॉजर हार्ट या अभ्यासकांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्या, म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं विचारणं, यांना ते सहभाग म्हणतच नाहीत. आपले गुलाब दुसऱ्या पायरीवर पडतात.

माझा सल्ला असा: मंत्रिमंडळ हवं तर ठेवा, पण शाळासभेचे प्रतिनिधी चिठ्ठ्या टाकून काढा. प्रत्येक वर्गातून एक मुलगी, एक मुलगा, मुदत एक महिना. वर्षाचे दहा महिने धरले तर तीसच्या वर्गातल्या वीस मुलांना संधी मिळते. पहिली-दुसरीच्या प्रतिनिधीबरोबर चौथी-पाचवीचा एक ताई-दादा जोडून द्या. प्रतिनिधीने स्वतःचं मत सांगायला जायचं नसतं, वर्गाचं सांगायचं असतं. हे मुलांना लगेच कळत नाही. त्यासाठी त्याच्या हातात वर्गाने काढलेलं चित्र किंवा तीन ओळींची चिठ्ठी द्या.

शाळासभा महिन्यातून एकदा, चाळीस मिनिटं, मुख्याध्यापकांसमोर. तीनपेक्षा जास्त विषय घेऊ नका.

उत्तराचा फलक

एवढ्या सगळ्यातलं एकच काही करायचं असेल तर हे करा.

मुलांच्या उंचीवर, पाण्याच्या टाकीजवळ किंवा जिथे रांग लागते तिथे, एक फलक. चार रकाने: तुम्ही काय म्हणालात, आम्ही काय ठरवलं, का, आणि कधीपर्यंत. शाळासभेनंतर आठ दिवसांच्या आत तो भरायचा. लहान मुलांसाठी प्रत्येक ओळीपुढे चित्र, आणि सोमवारी परिपाठात तो वाचून दाखवायचा. बेलफास्टच्या प्राध्यापक लॉरा लंडी यांनी २००७ मध्ये मुलांच्या सहभागाचे चार घटक सांगितले: बोलायला जागा, मांडायला मदत, ऐकणारा माणूस आणि झालेला परिणाम. आमच्या झिलेटीनच्या खोक्यात पहिले दोन होते, पुढचे दोन नव्हते.

‘नाही’ लिहायला घाबरू नका. मुलांनी एकदा ससा मागितला. आम्ही लिहिलं: ‘ससा आणणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत त्याला खायला कोण घालणार? दुपारच्या शाळेतल्या मुलांनी त्रास दिला तर?’ पुढच्या महिन्यात तेच मूल आलं आणि म्हणालं, ससा नको, पण चिमण्यांसाठी पाणी ठेवू, सुट्टीत ते वॉचमन काका भरतील, मी त्यांना विचारलंय. कारणासकट आलेलं ‘नाही’ मुलांना चालतं. ‘बघू’ चालत नाही. फलकावर ‘बघू’ हा शब्द लिहायला आमच्याकडे बंदी आहे.

जेवणाचं उदाहरण घ्या. पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत, हे प्रमाण मुलंही बदलू शकत नाहीत आणि आपणही. शहरात जेवण बहुतेक ठिकाणी बाहेरून शिजून येतं. पण तिखट जास्त आहे, पाचवीचा वर्ग आधी जेवतो म्हणून पहिलीला गार मिळतं, ताट धुवायच्या जागी चिखल होतो, या तिन्ही तक्रारींवर काही ना काही करता येतं. पहिलीची रांग आधी लावायला एक पैसा लागला नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत मुलं

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला. महाराष्ट्रात या समितीवर विद्यार्थी प्रतिनिधीही घेतले जातात. प्रत्यक्षात बऱ्याचदा त्यांची नावं वहीत असतात आणि ती दोघं बैठकीच्या वेळी वर्गात गणितं सोडवत असतात.

मुलांना बोलवायचं तर बैठकीची मांडणी बदला. त्यांचा विषय पहिला घ्या आणि पंधरा मिनिटांनी त्यांना जाऊ द्या, पुढची बिलं आणि अनुदानं ऐकून कोणाचं भलं होत नाही. आदल्या दिवशी रिकाम्या खोलीत एकदा सराव घ्या: कुठे बसायचं, कोणाला काय म्हणायचं, काही सुचलं नाही तर काय करायचं. ओळखीच्या बाई शेजारी हव्यात. अध्यक्षांना आधीच सांगून ठेवा की ‘बाळा, तुझं नाव काय, मोठेपणी कोण होणार?’ हे विचारायचं नाही. मुलाने जे मांडलं ते त्याच्याच शब्दांत इतिवृत्तात लिहा.

विनाअनुदानित खासगी शाळांना ही समिती बंधनकारक नाही. तिथे शिक्षक-पालक संघाच्या बैठकीत हीच पंधरा मिनिटं मागून घ्या. दुरुस्तीचं काम महापालिकेचं असेल तर अर्जाबरोबर मुलांचं पत्र आणि फेरीत लाल ठिपके लागलेल्या जागेचा फोटो जोडा. ठाण्यात प्रभाग समितीकडे, नवी मुंबईत विभाग कार्यालयाकडे, आणि दोन्हीकडे प्रत शिक्षण विभागाला. आवक क्रमांक घ्यायला मुलांना बरोबर नेता आलं तर न्या.

गोलात न आणायच्या गोष्टी

मुलं बोलू लागली की कधीतरी एखादं मूल घरातल्या मारहाणीबद्दल किंवा नको असलेल्या स्पर्शाबद्दल बोलतं. तिथेच, सगळ्यांसमोर, पुढचा प्रश्न विचारू नका. “हे तू मला सांगितलंस ते बरं केलंस, आपण दोघं नंतर बोलू,” एवढं म्हणून करवंटी पुढे द्या, आणि त्याच दिवशी बोला. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘शाळेत मिटवू’ हा पर्यायच नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक प्रत्येक वर्गात, मुलांच्या उंचीवर लिहिलेला असावा. तक्रारपेटीही त्याच उंचीवर हवी. मी पाहिलेल्या बहुतेक तक्रारपेट्या शिक्षकांच्या खांद्याला लागतात.

सुरुवात कधी करायची

जूनच्या मध्यावर शाळा उघडल्यावर पहिले दहा दिवस काही करू नका, पहिलीतली मुलं अजून रडत असतात. जूनअखेर फेरी, जुलैत वर्गसभा, ऑगस्टमध्ये पहिली शाळासभा आणि फलक. पहिल्या फलकावर लगेच होणारं एक तरी काम ठेवा. आमच्याकडे ती कडी होती. सुताराने ती खाली बसवली तेव्हा चिठ्ठी लिहिणाऱ्यांतल्या दोघी बघायला उभ्या होत्या, आणि त्यांनी त्याला ती आणखी चार बोटं खाली घ्यायला लावली, कारण पहिलीच्या मुली अजून लहान असतात.

सध्या आमच्या फलकावर एक ओळ सप्टेंबरपासून आहे: ‘जिन्याच्या वळणावर दिवा.’ वायरिंग इमारतीचं, इमारत दोन शाळांची, अर्ज दोनदा गेला. ‘कधीपर्यंत’च्या रकान्यात चार तारखा खोडलेल्या दिसतात. दर शनिवारी या महिन्याचा प्रतिनिधी कार्यालयात येतो आणि विचारतो, “बाई, नवी तारीख काय लिहू?”